पेशंटसोबत कोण आहे?

सरकारी दवाखान्यात आजाराचं नाव कळायला दोन दिवस लागतात, पण एक प्रश्न दारातच येतो : “पेशंटसोबत कोण आहे?” रेणापूरकडच्या पेशंटच्या बाबतीत त्याचं उत्तर बरीच वर्षं ठरलेलं आहे. बायको रडत असते, मुलगा पुण्याहून निघालेला असतो, भाऊ गाडी लावायला गेलेला असतो आणि स्ट्रेचरच्या उशाकडे सलाईनची बाटली खांद्याच्या वर धरून नाना उभे असतात. “मी हाव की!”

नानांचं पेशंटशी नातं काय, हे विचारण्यात अर्थ नाही. केसपेपरवर नात्याच्या रकान्यात त्यांनी आजवर काका, मामा, मेहुणा, नुसतंच ‘चुलत’ आणि एकदा गडबडीत ‘स्वतः’ असंही लिहिलेलं आहे.

असा माणूस प्रत्येक तालुक्याला एक तरी असतोच. कोर्टाच्या कामाला एक असतो, सोयरिकीला एक असतो, तसा दवाखान्याला एक. आमचे नाना एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, पण गाडी भरून नेण्याची सवय निवृत्त झाली नाही. घर पिंपळफाट्याच्या अलीकडे. एका हाताला लातूर, दुसऱ्या हाताला अंबाजोगाई. रात्री कुणाच्या छातीत दुखलं की आधी नानांचं दार वाजतं. ते सदरा चढवत बाहेर येतात, रेणुकादेवीच्या देवळाच्या दिशेनं हात जोडतात आणि विचारतात, “लातूर का अंबाजोगाई?” जणू दोन्हीकडची तिकिटं त्यांच्या खिशातच आहेत.

खिशात नसली तरी पिशवीत बरंच काही असतं. कंडक्टरकीच्या काळातली ती रेक्झिनची पिशवी अजून टिकून आहे. आत रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स (निम्म्या गावाच्या), फुले योजनेच्या खिडकीवर काय काय लागतं त्याची यादी, दोरी बांधलेलं पेन, चिकटपट्टी, एक चमचा, जुनी चादर, पार्ले-जीचे चार पुडे आणि फडक्यात गुंडाळलेले धपाटे. धपाटे पेशंटसाठी नसतात. ते डॉक्टरसाठी असतात.

आणि इथूनच नानांचा खरा विषय सुरू होतो. लोकांना वाटतं, नाना पेशंटची सेवा करतात. करतातच. पण त्यांचा जीव गुंतलेला असतो निवासी डॉक्टरांमध्ये. मोठ्या सरकारी दवाखान्यात प्रोफेसर सकाळी राऊंडला दिसतात, विभागप्रमुख दाराच्या पाटीवर दिसतात आणि उरलेला सगळा दिवस, सगळी रात्र दिसतात ती ही पंचवीस-अठ्ठावीस वर्षांची, डोळे सुजलेली पोरं. एमबीबीएस झालेली, पुढची पदवी घ्यायला आलेली, तीन वर्षांसाठी. नाना त्यांना ‘लेकरं’ म्हणतात. त्यांच्यातलं कोण डॉक्टर होणार आणि कोण नुसताच पास होणार, यावर नानांचं संशोधन चालू आहे. अनुदान नाही, गाईड नाही, पण पेशंट भरपूर.

नानांचा अनुभव जुना आहे. लातूरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २००२ सालचं, त्याला पुढे विलासराव देशमुखांचं नाव मिळालं. त्याआधी रेणापूरचा गंभीर पेशंट म्हणजे अंबाजोगाई. तिथलं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासून आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस नांदेडलाही महाविद्यालय निघालं, पण तिकडे जायचं म्हणजे नानांना मुक्काम पडायचा. तिन्ही ठिकाणच्या निवासी डॉक्टरांची त्यांच्याकडे तुलना तयार असते. कुणी विचारली तर सांगत नाहीत, आणि न विचारता पिंपळफाट्यापर्यंत सांगत येतात. त्यात कुठल्या दवाखान्याला नाव ठेवायचं झालंच, तर नाव गाळतात. “उद्या परत जायचंय तिथंच.”

त्यांचं वर्गीकरण साधं आहे. पहिल्या वर्षाचा डॉक्टर खिशावरून ओळखायचा. ॲप्रनचे दोन्ही खिसे फुगलेले : कापूस, चिकटपट्टी, तपासण्यांच्या कोऱ्या चिठ्ठ्या, लाल आणि जांभळ्या झाकणांच्या रिकाम्या ट्यूब, दोन पेनं आणि त्यातलं एक सिस्टरचं. पायात रबरी चपला. बोलताना तो तुमच्याकडे बघत नाही, तुमच्या हातातल्या रिपोर्टकडे बघतो. दुसऱ्या वर्षाच्या खिशात फक्त फोन असतो. तिसऱ्या वर्षाचे खिसे रिकामे, ॲप्रनला इस्त्री, आणि त्याला शोधायचं तर वॉर्डात नाही, लायब्ररीत जायचं.

“यात बेकार कोण, सांगा,” नाना मला विचारतात. मला ते प्रोफेसर म्हणतात, कारण मी कॉलेजात शिकवतो आणि मला व्यवहारातलं काही कळत नाही असं त्यांचं मत आहे. “दुसऱ्या वर्साचं! पैल्याला कळत नसतंय, तिसऱ्याला येळ नसतोय. दुसऱ्याला दोनी बी असतंय, म्हणून तेच वरडतंय.”

दुसऱ्या वर्षाच्या पोरांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात, असा नियम अलीकडे आला. मेडिकल कॉलेज सोडून जिल्ह्याच्या दवाखान्यात राहायचं, तिथली गर्दी बघायची. हे ऐकून नानांना आपली मागणी मान्य झाल्याचा आनंद झाला. त्यांनी ती कुठे केली होती ते विचारलं, तर म्हणाले, “यष्टीत.”

पण परीक्षा खिशांवर संपत नाही. नानांची मुख्य कसोटी एका प्रश्नाची. पेशंट खाटेवर गेला, सलाईन लागलं, रक्त गेलं की ते डॉक्टरच्या जरा जवळ सरकतात आणि हळूच विचारतात, “डॉक्टर, जेवलाव का?”

या प्रश्नाच्या उत्तरावर त्यांनी डॉक्टरांच्या पिढ्या तोलल्या आहेत. “हो हो, झालं” म्हणून पुढे पळाला तर तो नवीन आहे, घाबरलेला आहे, आणि जेवलेला नाही. “तुम्ही बाहेर थांबा” म्हणाला तर दुसरं वर्ष. नुसता हसला आणि घड्याळ बघितलं, तर ते लेकरू कामाचं, त्याला धपाटं. आणि धपाटं घेऊन ज्यानं अर्धं मोडून मावशींना किंवा सिस्टरला दिलं, त्याचा नंबर नाना फोनमध्ये घालतात. दिला नाही तरी मिळवतात.

तो फोन एकदा माझ्या हाती आला होता. नावं अशी : ‘मेडिसीन चष्मा’, ‘हाडाचा हसरा’, ‘सर्जरी उंच (सकाळी नको)’, ‘बाळंतीण म्याडम रागीट पण चांगली’, ‘भूल केरळ’. यातली निम्मी माणसं कधीच पास होऊन गेली. हाडाचा हसरा आता कुठल्याशा शहरात स्वतःचं हॉस्पिटल चालवतो. नाना त्याला अजूनही रात्री अकराला फोन करतात आणि सांगतात, “एक एक्सरे धाडलाय, बगून सांगा.” तो सांगतो. हे त्याच्या रुग्णालयाच्या दरपत्रकात बसत नाही, पण तो सांगतो.

आता ‘भूल केरळ’बद्दल. अखिल भारतीय कोट्यातून निम्म्या जागा भरतात, त्यामुळे मराठवाड्याच्या वॉर्डात कुठकुठली पोरं येतात. पेशंट म्हणतो, “कळ मारायलीय.” पोरगं बघत राहतं. मग नाना कळ, चमक, ठणका आणि आग यांतला फरक हातवाऱ्यांनी करून दाखवतात. ठणक्याला डोळे मिटतात, चमकेला दचकतात. भूलशास्त्राची ती मुलगी दोन महिन्यांत “आजी, चमक का ठणका?” असं विचारायला लागली. कुठल्या पुस्तकात हे नाही आणि कुठल्या परीक्षेत हे विचारत नाहीत, अशी नानांची तक्रार आहे.

परीक्षेवर नानांचा दात आहे, तो माझ्या भाचीमुळे. ती एमबीबीएस होऊन वर्षभर आमच्या माडीवर नीट-पीजीचा अभ्यास करत होती. लातूर जिल्ह्यात परीक्षेचा अभ्यास करणारं पोर म्हणजे काही विशेष नाही. लातूरच्या ट्यूशनच्या गल्ल्यांत संध्याकाळी चालायला जागा नसते. पण हे लेकरू डॉक्टर होऊन पुन्हा डॉक्टर होण्याची परीक्षा का देतंय, हे नानांना समजून घ्यायचं होतं. तिनं समजावलं : २०० प्रश्न, साडेतीन तास, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. एकूण ८००. त्यावर ठरणार की कोण हृदय बघणार, कोण हाडं, कोण कातडी.

“आन सोबतच्यावर किती प्रश्न?” नानांनी विचारलं.

“एकही नाही, नाना.”

नाना खुर्चीत मागे टेकले. मग त्यांनी स्वतःच एक प्रश्न काढला. रात्रीचे तीन. बावीस नंबरच्या खाटेवरच्या म्हातारीचा मुलगा सलाईन संपलं म्हणून तिसऱ्यांदा सांगायला आला आहे, आणि सलाईन संपलेलं नाही. काय करशील? अ, वरडशील. ब, सिस्टरकडं धाडशील. क, बगतो म्हणशील आन झोपशील. ड, जाऊन बगशील. भाचीनं ‘ड’ म्हटलं. “चूक,” नाना म्हणाले. “जाऊन बगायचं, आन त्याला इचारायचं, ‘झोपलाव का तुमी?’ सलाईनचं न्हाई, त्याला भ्या वाटायलंय.” हा पाचवा पर्याय होता, पण एक गुण वजा झाला तो झालाच.

२०२३च्या सप्टेंबरमध्ये जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून पात्रतेची अट सरळ शून्य पर्सेंटाइलवर आणली. म्हणजे जो परीक्षेला बसला तो जागा मागायला पात्र. वर्तमानपत्रांत गदारोळ झाला, दर्जा कुठे नेऊन ठेवला म्हणून लोकांनी कपाळं बडवली. नाना तेवढे शांत. “शून्य म्हंजे हजर व्हतं यवढंच ना? मंग हजर राहणं ह्योच पैला गुण हाय. न आलेल्या डॉक्टरपरीस आलेला बरा.” त्यांच्या बोलण्यात अर्थ किती आणि वॉर्डातला अनुभव किती, हे मी अजून ठरवलेलं नाही.

पुढच्या वर्षी भाचीची परीक्षा २३ जूनला होती. केंद्र दूरच्या शहरात. सोबत कोण? नाना. आदल्या दिवशी लॉजवर पोहोचले, तिला वेळेवर जेवायला लावलं, उशाला पाण्याची बाटली ठेवली, आणि रात्री बातमी आली की परीक्षा पुढे ढकलली. देशभरात लाखो पोरं त्या रात्री कुठल्या ना कुठल्या लॉजवर अशीच बसली होती. भाची रडायला लागली. नाना खाली गेले, लॉजच्या व्हरांड्यात आणखी आठ-दहा पोरं डोकं धरून बसलेली दिसली, त्यांच्यात जाऊन त्यांनी पिशवी उघडली. त्यातल्या दोघांचे नंबर त्यांच्या फोनमध्ये ‘ढकललेली परीक्षा’ या नावानं आहेत. शेवटी ती ११ ऑगस्टला दोन पाळ्यांत झाली. दोन पाळ्यांना दोन वेगळे पेपर, मग गुण सारखे करायचं गणित. त्यावरून भांडणं इतकी झाली की २०२५ साली सर्वोच्च न्यायालयानं एकाच पाळीत घ्या असा आदेश दिला, आणि ती १५ जूनवरून ३ ऑगस्टला गेली. नानांना पाळ्यांचं गणित चटकन कळलं. एसटीत दोन पाळ्यांच्या गल्ल्याचा हिशोब कधीच जुळत नसतो.

मी एकदा मोठ्या उत्साहानं त्यांना सांगायला गेलो की डॉक्टर निवडायचे कसे यावर जगात खरोखरच संशोधन झालेलं आहे. अमेरिकेत टेक्सासमध्ये १९७९ साली एका वैद्यकीय महाविद्यालयानं मुलाखती घेऊन मुलं निवडली. नंतर सरकारनं जागा वाढवायला सांगितलं, म्हणून आधी नाकारलेल्यांमधून आणखी ५० घ्यावी लागली. पुढे काही वर्षांनी तपासलं, तर निवडलेल्यांच्यात आणि नाकारलेल्यांच्यात अभ्यासातही फरक दिसेना आणि वॉर्डातल्या कामातही.

“मुलाखत कुणी घेतली?”

“तिथल्या प्राध्यापकांनी.”

“हां,” नाना म्हणाले आणि माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं.

जागा वाटण्याची तिकडची पद्धत मात्र त्यांना पसंत पडली. अमेरिकेत १९५२ पासून डॉक्टर आपल्या आवडीच्या रुग्णालयांची यादी देतात, रुग्णालयं आपल्या आवडीच्या डॉक्टरांची, आणि मग दोन्ही याद्या जुळवतात. गेल आणि शॅप्ली या दोन गणितज्ञांनी १९६२ साली असल्या जुळवणीवर निबंध लिहिला, त्यात कॉलेजच्या प्रवेशाबरोबर चक्क लग्नांचंच उदाहरण घेतलं होतं. शॅप्ली यांना आणि ही पद्धत सुधारणाऱ्या रॉथ यांना २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. “सोयरिकीला नोबेल!” नाना मांडीवर थाप मारून म्हणाले. “आन आपल्याकडं?” आपल्याकडं, मी म्हटलं, यादी फक्त पोरं देतात, रुग्णालयाला कुणी विचारत नाही, गुणांप्रमाणे नंबर लागतो. पहिली फेरी, दुसरी, तिसरी, आणि शेवटी उरलेल्यांची फेरी. “म्हंजे पोरगी बगायचा कारेक्रमच न्हाई. डायरेक्ट अक्षता.”

पण त्यांना खरा रस निघाला तो हॉल्स्टेडच्या गोष्टीत. पोरांना दवाखान्यातच ठेवायचं, रात्रंदिवस राबवायचं, वर्षानुवर्षं, शक्यतो लग्न करू द्यायचं नाही, ही पद्धत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९च्या पुढे विल्यम हॉल्स्टेड या सर्जननं रुजवली. हॉल्स्टेड मोठाच सर्जन, पण भुलीच्या प्रयोगांपायी त्याला कोकेनचं व्यसन लागलं होतं, ते सोडवताना मॉर्फिनचं लागलं.

“म्हंजे ज्यानं हे ठरवलं, त्यो सोता नशेत व्हता?”

“थोडंफार तसंच.”

“आसंच वाटलं व्हतं मला,” नाना म्हणाले. कित्येक वर्षांचं कोडं सुटल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर होतं.

मग मी त्यांना न्यू यॉर्कची हकिकत सांगितली. १९८४ साली लिबी झायन नावाची १८ वर्षांची मुलगी तापानं दवाखान्यात आली आणि काही तासांत गेली. तिला बघणारे निवासी डॉक्टर तासन्‌तास ड्युटीवर होते, एकेकाकडे कितीतरी पेशंट. तिचा बाप पत्रकार होता. तो मागे लागला, वर्षानुवर्षं लागला, आणि १९८९ साली त्या राज्यात निवासी डॉक्टरांना आठवड्याला ८० तासांहून जास्त राबवायचं नाही असा नियम झाला. २००३ साली तो साऱ्या अमेरिकेत गेला.

“बाप म्हंजे कोण?” नाना म्हणाले. “सोबतचा माणूस! बगा. नियम सोबतच्यानं केला.”

हे त्यांनी पुढच्या आठवड्यात तीन वॉर्डांत, दोन एसटींत आणि रेणापूरच्या आठवडी बाजारात सांगितलं. आपल्याकडेही १९९२च्या केंद्र सरकारच्या निवासी योजनेत सलग ड्युटी साधारण १२ तासांपुढे नसावी असं लिहिलेलं आहे, आणि राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलानं २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तास ही मर्यादा सुचवली, हेही मी सांगितलं होतं; पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. “लेकरांसमोर बोलायला बरं दिसत न्हाई,” म्हणाले.

तास कमी केले तर पेशंटचं बरं होतं का, यावरही तिकडे प्रयोग झाले. शस्त्रक्रियेचे ११७ प्रशिक्षण कार्यक्रम घेऊन, काहींना कडक तास, काहींना सैल. २०१६ साली निकाल आला : पेशंटच्या मृत्यूत किंवा गुंतागुंतीत फरक नाही. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “सोबतच्यांला इचारलं का त्यायनी?” नव्हतं विचारलं. नानांच्या मते संशोधन तिथंच फसलं.

आता एवढं कौतुक झाल्यावर हेही सांगायला हवं की नाना हा मोठा ताप आहे. ते खऱ्या नातेवाइकांना तोंड उघडू देत नाहीत. पेशंटला काय होतंय ते पेशंटच्या आधी सांगतात, आणि त्यात गेल्या वर्षीच्या दुसऱ्याच पेशंटची लक्षणं मिसळतात. डॉक्टर कॉरिडॉरमधून कोणत्या चालीनं येतोय त्यावरून ‘आज सुट्टी मिळतीय’ असं जाहीर करतात, आणि बायका कपडे बांधायला घेतात. खाटेवर बसू नका असं लिहिलेलं असतं, तिथंच बसून ते इतरांना ‘खाटंवर बसू नका’ म्हणून उठवतात. घरी नानींचा गुडघा दोन वर्षं दुखतोय. त्या शेवटी शेजारणीला घेऊन जाऊन आल्या. “ह्यांला गावाचं दुखणं दिसतंय,” त्या म्हणतात, “घरातलं दिसायला आदी केसपेपर काडावा लागतोय.”

आणि स्वतः आजारी पडले, हर्नियाच्या ऑपरेशनला, तेव्हा तर बघायलाच नको. दुसऱ्या दिवशी डॉक्टर राऊंडला आले तर खाट रिकामी. नाना एका हातानं पोट धरून शेजारच्या पेशंटच्या भावाला रक्तपेढीचा रस्ता दाखवायला गेले होते.

पण एक गोष्ट त्यांच्यासारखी कुणाला जमत नाही. पेशंट दगावतो, बाहेर वीस-पंचवीस जण जमतात, आवाज चढतात. दवाखान्यांच्या भिंतीवर पाटी असते : डॉक्टरांवर हल्ला करणं २०१०च्या कायद्यानं गुन्हा आहे. ती पाटी आजवर कुणी वाचून थांबलेलं मला माहीत नाही. नाना त्या पाटीखाली उभे राहतात, गर्दीतला सर्वांत तावातला तरुण हेरतात आणि विचारतात, “कधीपासनं जेवला न्हाईस?” त्याच्या हातात बिस्किटाचा पुडा देतात. “आदी खा. मंग भांड. मी बी येतो भांडायला.” तोंडात बिस्किट असताना ओरडता येत नाही. तेवढ्यात आतलं ते पहिल्या वर्षाचं लेकरू मागच्या दारानं निघून जातं. पण नाना त्याला नंतर गाठतात, आणि जे झालं ते घरच्यांना नीट बसवून का सांगितलं नाही म्हणून झापतातही.

नानांच्या पिशवीत रेशनकार्डांच्या मागे प्लास्टिकमध्ये घातलेली एक झेरॉक्स असते. ती त्यांच्या संशोधनाची एकमेव अधिकृत नोंद. एमडी-एमएस व्हायचं तर प्रबंध लिहावा लागतो. तीन वर्षांच्या रेट्यात तोही. सर्जरीचा एक निवासी मधुमेहाच्या पायाच्या जखमांवर प्रबंध करत होता. पेशंट घरी गेल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचे होते, आणि येईना कुणी. बस परवडत नाही, जखम भरली मग कशाला, किंवा दिवाळीनंतर माणूस कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेला. पोरगं रडकुंडीला आलं. नानांनी यादी मागून घेतली. पानगाव, खरोळा, पोहरेगाव करत घरोघर गेले, कुणाला दमात घेतलं, कुणाला एसटीत बसवलं, कुणाबद्दल येऊन सांगितलं, “हे कारखान्यावर गेलंय, पाडव्याच्या म्होरं येतंय.” पाडव्यानंतर त्याला घेऊन आले.

प्रबंध पूर्ण झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांना नेमकी याचीच शंका आली : ग्रामीण भागात इतके पेशंट फेरतपासणीला परत येतील कसे? पोरानं खरं ते सांगितलं. परीक्षक हसले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. त्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशाच्या पानावर आधी गाईड, मग विभागप्रमुख, मग आईवडील आणि त्याखाली एक ओळ आहे : ‘रेणापूरचे नाना’. पद नाही, पदवी नाही. इंग्रजीतलं ते पान नाना दर वेळी कुणाकडून तरी वाचून घेतात, जरी त्यातला आपला शब्द कुठे आहे ते त्यांना बोटानं दाखवता येतं.

भाचीनं त्यांना एकदा सांगितलं की आता परीक्षेत खोटे पेशंट ठेवतात. १९६३ साली बॅरोज नावाच्या डॉक्टरनं लॉस एंजेलिसमध्ये सुरुवात केली : माणसाला आजाराचं सोंग शिकवायचं आणि विद्यार्थ्यानं त्याला तपासायचं. पुढे १९७५ मध्ये स्कॉटलंडमध्ये हार्डन यांनी टेबलंच मांडली. एका टेबलावर छाती तपासा, दुसऱ्यावर एक्स-रे वाचा, तिसऱ्यावर वाईट बातमी सांगा, घंटा वाजली की पुढे सरका.

“वाईट बातमी कुणाला सांगायची?”

“नातेवाइकाला. तोही खोटाच असतो.”

नाना बराच वेळ हनुवटी खाजवत बसले. “त्याला रोज किती देत्यात?” त्यांनी विचारलं. आणि मग : “मला घेत्यात का? मी रडून बी दावतो, भांडून बी दावतो. आन लेकरू बरं बोललं तर गप बी बसतो.” तेव्हापासून मी राष्ट्रीय आयोगाला पत्र लिहावं असा त्यांचा लकडा आहे. मसुदा त्यांनीच सांगितलाय. पहिलंच वाक्य आहे, ‘आपण जेवलात अशी आशा आहे.’

भाचीला शेवटी जागा मिळाली, पॅथॉलॉजीला. पेढे घेऊन ती नानांकडे गेली. पॅथॉलॉजी म्हणजे काय ते तिनं सांगितलं : गाठीचे, रक्ताचे नमुने येतात, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, रिपोर्ट द्यायचा.

“पेशंट कुठं असतंय?”

“वॉर्डात. आमच्याकडे फक्त बाटली येते.”

“आन सोबतचं माणूस?”

“तेही नाही, नाना.”

नानांचा चेहरा पडला. इतकी वर्षं घडवलेलं लेकरू हातचं गेलं. त्यांनी अर्धा पेढा खाल्ला, उरलेला कागदात ठेवला, जरा वेळ विचार केला आणि म्हणाले, “मंग तुज्यापुरती परीक्षा बराबर हाय म्हणायची.” तिनं बरं वाटून हसावं तोवर त्यांचा फोन बाहेर आला होता.

“मला सांग, गाठीचा रिपोर्ट किती दिसांत येतोय? खरोळ्याच्या एका बाईचा आठ दिस झालं आडकलाय, लेबल निघालंय म्हणत्यात. तू कुटल्या टेबलावर बसायलीस? कुणाला भेटायचं तिथं?”

“नाना, मी अजून जॉइनही झाले नाही.”

“मंग हो की. सोमवारी हो. मी येतो सोबत.”